धान आणि गहू: शेणखत कुठे घालायचं, युरिया कुठे? एका एकराचा वर्षभराचा हिशेब

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात तलावाचं, कालव्याचं किंवा बोअरचं पाणी असलेल्या बांध्यांत (बांध घातलेल्या धानाच्या शेतांत) धान निघालं की गहू पेरला जातो. नव्याने शेतीत उतरलेला माणूस या दोन पिकांच्या खतांचा हिशेब वेगवेगळा मांडतो. धानाला इतक्या बॅगा, गव्हाला इतक्या, आणि शेणखत मिळालंच तर जे पीक समोर असेल त्याला. खरं तर जमीन एकच आहे. जूनमध्ये घातलेल्या शेणखताचा काही भाग जानेवारीतल्या गव्हाला मिळतो आणि गव्हाला दिलेल्या स्फुरदातून (फॉस्फरसमधून) पुढच्या वर्षीचं धान उचल करतं. म्हणून हिशेब वर्षाचा मांडायचा. शेणखत आणि हिरवळ (मातीत गाडायचा हिरवा पाला) धानाला द्यायची, स्फुरदाचा आणि रासायनिक नत्राचा (नायट्रोजनचा) भर गव्हावर ठेवायचा. पुढचं सगळं या एका सूत्रावर उभं आहे, म्हणून आधी त्याची कारणं पाहू.

शेणखतातलं नत्र थेट पिकाच्या तोंडी पडत नाही. जिवाणूंनी ते कुजवून मोकळं करावं लागतं आणि त्यासाठी ऊब आणि ओल लागते. जुलै ते सप्टेंबर या दोन्ही गोष्टी बांधीत भरपूर असतात. डिसेंबरात माती थंड पडते आणि हे काम मंदावतं. गव्हाला तर पेरणीनंतर २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना, नत्र लगेच हवं असतं. त्या आठवड्यात शेणखताच्या भरवशावर राहिलं तर फुटवे कमी येतात, आणि गेलेले फुटवे नंतर युरिया टाकून परत येत नाहीत.

स्फुरदाचं गणित उलट आहे. बांधीत पाणी साचलं की मातीतली हवा संपते आणि लोहाने धरून ठेवलेलं स्फुरद मोकळं होतं, म्हणून धानाला ते सहज मिळतं. धान कापून बांधी सुकली की तेच स्फुरद पुन्हा जखडलं जातं आणि गहू उपाशी राहतो. पंजाबात गव्हाला शिफारशीइतकं स्फुरद दिलं असेल तर पुढच्या धानाला डीएपी (स्फुरद आणि थोडं नत्र असलेलं खत) देऊ नका असा सल्ला दिला जातो, तो याच कारणाने. आपल्याकडच्या हलक्या खरडी आणि सिहार जमिनींत धानाचं स्फुरद पूर्ण बंद करणं धोक्याचं आहे, पण थोडी कपात चालते.

तिसरं कारण चिखलणी. धानासाठी आपण मातीचे कण मुद्दाम फोडतो, पाणी जिरू नये म्हणून. तीच माती नोव्हेंबरात सुकली की ढेकळं होतात आणि खाली कडक थर बसतो. गव्हाची मुळं त्यात अडकतात. हा थर सैल करण्याचं काम बॅगेतलं कोणतंही खत करत नाही, त्याला सेंद्रिय पदार्थच लागतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० पासून देशभर चालवलेल्या दीर्घकालीन खत प्रयोगांतून हेच पुन्हापुन्हा दिसलं: नुसतं नत्र देत राहिलेल्या वाफ्यांचं उत्पादन वर्षागणिक घसरलं आणि नत्र, स्फुरद, पालाश यांच्या जोडीला शेणखत मिळालेले वाफे बहुतेक ठिकाणी वर राहिले.

एप्रिल-मे: माती आणि खत, दोन्ही तपासा

मातीचा नमुना शेणखत पसरण्याच्या आधी घ्या. बांधीत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या एका बाजूची बोटभर जाडीची चकती वरपासून खालपर्यंत उतरवायची. बांधाजवळ, झाडाखाली, जुन्या खताच्या ढिगाच्या जागी नमुना घेऊ नका. सगळी माती एकत्र करून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरवायची. मोरांड (मध्यम जमीन) आणि खरडी एकाच शेतात असतील तर नमुने वेगळे हवेत. दोन्ही मिसळले तर अहवाल कोणत्याच जमिनीचा राहत नाही.

अहवालात तीन आकडे आधी पाहा. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर शिफारशीच्या नत्रात २५ टक्के वाढ करावी लागते. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर जमिनीला शेणखताची भूक आहे. जस्त दशलक्ष भागांत ०.६ च्या खाली असेल तर धानावर खैरा (जस्ताच्या कमतरतेचा रोग) येण्याची दाट शक्यता. बाकीचे आकडेही कामाचे आहेत, पण पहिल्या वर्षी या तिघांवर निर्णय घेता येतो.

आता खत. ‘एक ट्रॉली’ हे माप नाही. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट उंच भरलेली ट्रॉली म्हणजे १२० घनफूट. त्यात किती वजन बसतं ते खताच्या ओलीवर ठरतं. पंधरा लिटरची बादली न दाबता भरा आणि वजन करा. कुजलेलं, किंचित ओलं शेणखत साधारण ९ किलो भरतं, म्हणजे अशी ट्रॉली दोन टनांच्या आसपास. तीन टन समजून हिशेब केला तर युरियाची कपात जास्त होते आणि धान पिवळं पडल्यावर दोष शेणखतावर जातो.

खत कुजलं आहे का, हे ढिगाच्या वरच्या थरावरून ठरवू नका. हात कोपरापर्यंत आत घाला. आत गरम लागलं तर अजून कुजतंय. मूठभर काढून पाहा: काड्या, पालापाचोळा ओळखू येत नसेल, रंग गडद तपकिरी असेल आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येत असेल तर खत तयार आहे. शंका असेल तर ओलं मूठभर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस सावलीत ठेवा. उघडताना आंबट किंवा नाकात झोंबणारा वास आला, पिशवी फुगली असेल, तर ते खत यंदा बांधीत नको.

कच्चं शेणखत का नको, याची कारणं दोन पिकांत वेगळी आहेत. कोरड्या जमिनीत त्यासोबत हुमणी, वाळवी आणि तणाचं बी येतं. चिखलात तेच खत हवेविना सडतं, त्यातून आम्ल आणि वायू तयार होतात आणि रोवलेल्या रोपांची मुळं काळी पडतात. चालताना पायाखालून बुडबुडे निघतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. असं झालं तर पाणी काढून बांधी तीन-चार दिवस हवेवर ठेवणं हाच तातडीचा उपाय. शिवाय तणस (धानाचा पेंढा), गव्हांडा (गव्हाचं काड) यांसारख्या पदार्थांत कर्ब फार आणि नत्र थोडं असतं. ते कुजवणारे जिवाणू आपली नत्राची गरज मातीतून भागवतात, म्हणजे तुम्ही टाकलेला युरिया काही आठवडे पिकाऐवजी तेच खातात.

शेण कमी असेल आणि काडीकचरा जास्त, तर नाडेप टाकं बांधा. ही पद्धत पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची आणि तिच्या नावातच त्यांच्या नावाची आद्याक्षरं आहेत. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोकं. काडीकचरा सुमारे १,४०० किलो, शेण ९० ते १०० किलो, चाळलेली कोरडी माती सुमारे १,७०० किलो आणि पाणी दीड-दोन हजार लिटर. थर रचून वरून शेणमातीने लिंपायचं. तडे गेले की पुन्हा लिंपायचे, कारण तड्यांतून ओल निघून जाते आणि आतला माल सुकून तसाच राहतो. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळतं. जूनला हवं असेल तर टाकं फेब्रुवारीतच भरलं पाहिजे.

मे अखेर ते जून: पसरणं

मे महिन्यात बांध्यांत शेणखताच्या छोट्या ढिगांच्या रांगा पडलेल्या दिसतात. तीन-तीन आठवडे ते तसेच उन्हात राहतात. त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडतं, आणि अवकाळी पाऊस झाला तर उरलेलं ढिगाखालीच मुरतं. ऑगस्टमध्ये अशी बांधी बांधावरून पाहा: जिथे ढीग होते तिथे हिरवेगार गोल पुंजके आणि मधलं धान फिकं. ढिगाच्या जागचं धान पुढे लोळतं ते वेगळंच.

एकरी दोन टन शेणखत पसरायचं असेल तर २० किलोचे शंभर ढीग लागतात, आणि शंभर ढीग एकरात सारखे बसवायचे तर दर २१ फुटांवर एक. दोरी धरून खुणा करा. ज्या दिवशी ढीग टाकाल त्याच दिवशी विस्कटा आणि वखराने किंवा नांगराने मातीत मिसळा. मजूर कमी असतील तर एक बांधी पूर्ण करा आणि मग दुसरीत जा.

शिफारस खरं तर हेक्टरी दहा टनांची, म्हणजे एकरी चार टनांची असते. दोन बैल आणि एका गाईच्या घरात एवढं खत दर वर्षी पुरत नाही. अशा वेळी सगळ्या शेतावर चिमूटभर टाकण्यापेक्षा अर्ध्या शेताला यंदा आणि अर्ध्याला पुढच्या वर्षी पूर्ण मात्रा द्या आणि उरलेल्या भागात हिरवळीचं खत घ्या.

कोंबडीखत मिळत असेल तर ते शेणखतासारखं मोजू नका. त्यात नत्र शेणखताच्या पाच-सहा पट, सुमारे ३ टक्के असतं आणि ते लवकर मोकळं होतं. एकरी अर्धा टन पुरे, तेही कुजवून. मामा (माजी मालगुजारी) तलावाचा गाळ मिळाला तर हलक्या जमिनीत जरूर घाला, ओल धरायला तो उत्तम. पण गाळाच्या नावावर युरिया कापू नका.

हिरवळ: ढैंचा की गिरिपुष्प?

ढैंच्याचं बी एकरी २० किलो, ४० ते ४५ दिवसांत फुलावर येण्याआधी गाडायचा. पाण्याची सोय असेल आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरता येत असेल तर त्याच्यासारखं स्वस्त खत नाही. पण पावसाच्या भरवशावर २० जूनला पेरलेला ढैंचा ऑगस्टच्या सुरुवातीला गाडायला येतो. त्याची वाट पाहत रोवणी लांबली तर धानही लांबतं आणि मागचा गहूसुद्धा. रोवणी लांबवून ढैंचा घेऊ नये. दांडा निबर झाला तर तो चिखलात लवकर कुजत नाही आणि रोवताना पायाला टोचतो, तेव्हा उशीर दोन्हीकडून महाग पडतो.

या पट्ट्यासाठी बांधावरचं गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी, जास्त सोयीचं. एकदा लावलं की दोन-तीन वर्षांनी पाला मिळू लागतो आणि त्यासाठी बांधी अडवावी लागत नाही. चिखलणीच्या सात-आठ दिवस आधी कोवळ्या फांद्या तोडून एकरी एक टन पाला पसरायचा. गळलेली पानं आणि उरलेल्या काड्या वेगळ्या होतात. काड्या उचलून सरपणाला न्यायच्या, पानं चिखलात जातात. एका टनातून ढोबळमानाने ५ किलो नत्र मिळतं आणि ते शेणखताच्या नत्रापेक्षा बरंच लवकर मोकळं होतं. बांध पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा छाटणी करा, नाही तर सावलीतल्या दोन ओळींना फुटवे येत नाहीत.

धानाचा हिशेब

मध्यम मुदतीच्या धानाला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश ही धरून चालण्याजोगी मात्रा. एकरी झाली ४०:२०:२०.

आपण दोन टन शेणखत आणि एक टन गिरिपुष्प घातलं असं धरू. शेणखतात नत्र अर्धा टक्का, म्हणजे एकूण १० किलो. पण पहिल्या पिकाला त्यातलं तिसरा हिस्साच, साधारण ३ किलो मिळतं. गिरिपुष्पाचे ४ धरा. एकूण ७ किलो. नवखे लोक इथे सगळे १५ किलो वजा करतात आणि फसतात. उरलेलं नत्र बुडालेलं नाही, ते गव्हाला आणि पुढच्या वर्षीच्या धानाला हळूहळू मिळणार आहे. तिसऱ्या वर्षापासून आधीच्या दोन वर्षांची शिल्लक जमा होते, तेव्हा १० किलो, म्हणजे पाव हिस्सा, निर्धास्त कापता येतं. पहिल्या वर्षी ५ किलोच कापा.

पहिल्या वर्षी नत्र ३५ किलो हवं, युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून ७६ किलो युरिया. तिसऱ्या वर्षापासून ३० किलो नत्र, म्हणजे ६५ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ दीड बॅगा. सेंद्रिय काहीच नसतं तर ८७ किलो लागला असता.

स्फुरद डीएपीतून न देता सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्या. दोन बॅगांत, म्हणजे १०० किलोत, १६ किलो स्फुरद आणि वर सुमारे ११ किलो गंधक येतं. उरलेलं ४ किलो शेणखतातून. गंधकाचा उपयोग गव्हालाही होतो, म्हणून वर्षात एकदा सुपर द्यायचंच. पालाशसाठी अर्धी बॅग म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे २५ किलोत १५ किलो पालाश. बाकी शेणखत भरून काढतं. जमीन हलकी असेल तर पोटॅशही अर्धं रोवणीला आणि अर्धं लोंबी धरताना.

सुपर आणि पोटॅश शेवटच्या चिखलणीला, पाणी बेताचं ठेवून. युरिया आणि सुपर एकत्र कालवून रात्रभर ठेवू नका, लगदा होतो. मिसळलंच तर लगेच फेका. राख किंवा चुना युरियात, डीएपीत मिसळायचा नाही, अमोनिया डोळ्यांदेखत उडतो.

जस्त कमी असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट चिखलणीला द्या, पण सुपरसोबत एकाच टोपल्यात नको. स्फुरद आणि जस्त एकमेकांना बांधून टाकतात. झिंक कुजलेल्या शेणखताच्या दोन-तीन घमेल्यांत मिसळून एक दिवस आधी फेकलेलं बरं. रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके आले आणि रोपं खुरटली, तर तो खैरा. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरजलेला चुना मिसळून फवारा. अशा वेळी लोक युरिया वाढवतात. त्याने पान दोन दिवस हिरवं दिसतं आणि खैरा तिथेच राहतो.

जिवाणू खत वापरायचं असेल तर रोवणीआधी पऱ्ह्याची (धानाच्या रोपांची) मुळं अ‍ॅझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास बुडवा. त्या द्रावणात कोणतंही रासायनिक खत घालू नका.

वरखत: खरा पैसा इथे वाया जातो

तिसऱ्या वर्षापासूनच्या ६५ किलो युरियाचे तीन भाग: रोवणीला २५, फुटव्यांच्या वेळी २०, लोंबी धरताना २०. नेहमीच्या शिफारशीत निम्मं नत्र रोवणीला असतं. इथे गिरिपुष्पाचं नत्र त्याच सुमारास मोकळं होतं, म्हणून पहिला हप्ता थोडा हलका. मात्र तणस गाडली असेल किंवा शेणखत अर्धकच्चं असेल तर पहिला हप्ता कमी करू नका.

फुटव्यांचा हप्ता रोवणीनंतर २० ते २५ दिवसांनी, निंदण झाल्यावर. आधी युरिया आणि मग निंदण केलं तर तणालाच खत दिलं असं होतं. भरल्या पाण्यात युरिया कधीही फेकू नका. उभ्या पाण्यातलं शेवाळ दुपारी पाण्याचा सामू (पीएच) वाढवतं आणि युरियाचा अमोनिया होऊन हवेत जातो. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी उतरत असेल तर तुमचा युरिया शेजाऱ्याच्या धानाला लागतो. पाणी उतरवा, तोंडं बंद करा, चिखल चिकट असताना, पानांवर दव नसताना युरिया फेका, आणि २४ तासांनी पुन्हा दोन इंच पाणी घ्या.

तिसरा हप्ता तारखेवर देऊ नका. १३५ दिवसांच्या वाणात २५ दिवसांचं रोप रोवलं असेल तर लोंबी धरायला साधारण ४५ दिवस लागतात. ऐकीव ६० दिवस धरले तर दोन आठवडे उशीर होतो. खात्री करायला तीन-चार ठिकाणचे मुख्य दांडे उपटा आणि बुडापासून वर ब्लेडने उभे चिरा. सर्वांत वरच्या गाठीवर पांढरा, पिसासारखा, एक-दोन मिलिमीटरचा कोंब दिसला की तोच दिवस. तो कोंब म्हणजे लोंबी. दाणे किती भरतील याची मोजदाद तिथे सुरू झालेली असते.

हप्ता द्यावा की नाही याचा निर्णय पानाच्या रंगावर घ्या. पर्ण रंग तक्ता नावाची प्लॅस्टिकची पट्टी मिळते. सकाळी, स्वतःच्या सावलीत, दहा रोपांचं वरचं पूर्ण उघडलेलं पान पट्टीवर धरा, पान तोडू नका. दहापैकी सहा पानं चौथ्या छटेपेक्षा फिकी असतील तरच युरिया द्या. शेणखत आणि हिरवळ घातलेल्या बांधीत ही पट्टी विशेष कामाची आहे, कारण कुजण्याचा वेग दर वर्षी पावसाप्रमाणे बदलतो आणि तो कागदावर कळत नाही. पान गर्द हिरवं असताना तिसरा हप्ता दिला की करपा, कडा करपा आणि तुडतुडे तिघांनाही आमंत्रण, आणि शेवटी धान लोळतं.

चारसूत्री: हीच जोडी, गोळ्यांच्या रूपात

सेंद्रिय आणि रासायनिक खताची जोडी महाराष्ट्रात सर्वांत नेटकी बांधली गेली ती डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत. भाताचे अवशेष जमिनीत परत, म्हणजे गादीवाफ्यात तुसाची काळी राख आणि पहिल्या नांगरणीला थोडी तणस. गिरिपुष्पाचा पाला गुंठ्याला ३० किलो. १५ आणि २५ सेंटिमीटर अशी आलटून पालटून अंतरं राखून रोवणी. आणि चौथं, युरिया-डीएपीच्या २.७ ग्रॅमच्या गोळ्या, १५ सेंटिमीटरच्या चौकोनातल्या चार चुडांच्या (एकत्र रोवलेल्या रोपांच्या) मध्ये एक, ७ ते १० सेंटिमीटर खोल, रोवणीच्याच दिवशी.

गुंठ्याला ६२५ गोळ्या, एकराला २५,००० गोळ्या, वजन ६७ किलोच्या आसपास. त्यातून सुमारे २३ किलो नत्र आणि १२ किलो स्फुरद मिळतं. फेकून दिलेल्या ४० किलो नत्राचं काम एवढ्यात होतं, कारण गोळी चिखलाच्या त्या थरात असते जिथे हवा नाही. तिथे नत्र उडतही नाही आणि पाण्याबरोबर वाहतही नाही. गोळी वर राहिली किंवा पाय ठेवलेल्या खड्ड्यात पडली तर मात्र फायदा संपला. रोवणारे आणि गोळ्या खोचणारे वेगळे ठेवा, आणि गोळ्या दिल्यावर महिनाभर त्या चौकोनात पाय पडू देऊ नका. अगदी रेताड जमिनीत, जिथे पाणी टिकतच नाही, ही पद्धत घेऊ नका.

धान कापणी ते गहू पेरणी

गव्हाची वेळेवर पेरणी १ ते १५ नोव्हेंबर. उशिराचं धान नोव्हेंबरअखेर निघत असेल तर ज्या बांध्यांत गहू घ्यायचा तिथे जूनमध्येच लवकरचं किंवा मध्यम वाण लावा. हा निर्णय खताच्या हिशेबाचाच भाग आहे, कारण उशिरा पेरलेला गहू तेवढं खत वापरू शकत नाही. डिसेंबरातल्या पेरणीला नत्राची मात्रा साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी करावी लागते.

तणस बहुतेक घरी जनावरांना जाते, आणि ते योग्यच. मात्र एका टन तणसातून १५ ते २० किलो पालाश बांधीबाहेर जातो. गोठ्यातलं मूत्र आणि जनावरांखालचा गदाळा उकिरड्यावर परत आला तरच तो वसूल होतो. मूत्र वाहून गेलं तर पालाशही गेला. गोठ्यात दर आठवड्याला कोरडी माती किंवा तूस पसरा आणि ते खताच्या खड्ड्यात टाका.

कम्बाइनने कापणी झाली आणि तणस शेतातच पडली तर जाळू नका. गाडायची असेल तर तीन आठवड्यांचं अंतर आणि एकरी २० किलो जादा युरिया हवा, नाही तर गहू उगवून पिवळाच राहतो. तेवढा वेळ नसेल तर तणस गोळा करून नाडेप टाक्यात भरा.

गहू

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२०:६०:४०, म्हणजे एकरी ४८:२४:१६. पहिली दोन वर्षं यातून शेणखताच्या नावाने काहीही कापू नका.

पेरताना एक बॅग डीएपी, त्यातून ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. सोबत ३३ किलो युरिया, त्यातून १५ किलो नत्र. २७ किलो पोटॅश. निम्मं नत्र इथे झालं. गंधकाची गरज धानाच्या सुपरने भागवलेली असल्याने इथे डीएपी चालतं. डीएपी मिळालं नाही तर तीन बॅगा सुपर आणि युरिया ५२ किलो घ्या.

खत वाफशावर, पेरणी यंत्राने, बियाण्याच्या बाजूला आणि दोन-तीन सेंटिमीटर खाली पडलं पाहिजे. वर फेकलेलं स्फुरद वरच राहतं, ते मुळाकडे चालत जात नाही. युरिया बियाण्याला लागून पडला तर कोंब करपतो आणि ओळीत रिकाम्या जागा राहतात. बियाणं एकरी ४० ते ५० किलो. दर १० किलोला २५० ग्रॅम अ‍ॅझोटोबॅक्टर आणि तेवढंच स्फुरद जिवाणू लावून सावलीत सुकवा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी.

उरलेला ५२ किलो युरिया २१व्या दिवसाच्या पाण्याबरोबर. भारी कन्हार जमिनीत पाणी दिल्यावर पाय रुतत नाही इतपत वाफसा आला की युरिया द्या. हलक्या जमिनीत पाण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि दोन हप्त्यांत, २१ आणि ४५ दिवसांनी. धानाच्या बांधीत गव्हाला पाणी तुंबतं, हे विसरू नका. तुंबलेल्या पाण्यात गहू पिवळा पडतो आणि तो नत्राच्या कमतरतेसारखाच दिसतो. एक रोप उपटा: मुळं पांढरी असतील तर युरिया द्या, तपकिरी आणि मऊ असतील तर आधी चर काढून पाणी बाहेर काढा.

गहू निघाला की एप्रिलमध्ये त्याच बांधीतून, त्याच जागांजवळून पुन्हा माती घ्या आणि गेल्या वर्षीच्या कागदाशेजारी नवा कागद ठेवा. सेंद्रिय कर्बाचा आकडा एका वर्षात हलत नाही, त्यासाठी तीन उन्हाळे थांबा. स्फुरद वर चढत असेल तर येत्या खरिपात सुपरची एक बॅग कमी करा. पालाश उतरत असेल तर तणस आणि गोठ्याचं मूत्र कुठे जातंय ते शोधा आणि तोवर पोटॅश पूर्ण एक बॅग द्या.